वर रुमाल असतात

अक्का,

तू गेल्याचं मी अण्णांना पहिल्याच वाक्यात सांगितलं. "अण्णा, अक्का गेली." तू शिकवलं होतंस तसंच. पलीकडून थोडा वेळ नुसता वाऱ्याचा आवाज आला, मग काहीतरी घासत गेल्याचा, मग लांबून कुणीतरी ओरडल्याचा. अण्णा मोटरसायकलवर होते. पलूसहून मिरजेला, तुझ्या दवाखान्याकडे, बहिणीसाठी रोजच्यासारखा डबा घेऊन निघाले होते आणि मोबाइल कान आणि खांद्यामध्ये दाबून बोलत होते. गाडी रस्त्याकडेच्या उसात गेली. फार लागलं नाही. गुडघा फुटला, डबा सांडला. थोड्या वेळानं त्यांनीच परत फोन केला आणि अगदी सावकाश म्हणाले, "गाडीवर हुतो गं. थांबू तरी द्यायचंस."

ते रागावले असते तर मी सोसलं असतं. ते रागावले नाहीत.

आपल्याकडे माणूस गेलं की लांबच्याला तसं सांगत नाहीत. 'तब्येत जरा नरम आहे, निघून ये' एवढंच सांगतात. त्याचा अर्थ सातारा-सांगलीकडच्या शेंबड्या पोरालाही कळतो. तरी सांगणारा तेच सांगतो, ऐकणारा 'बरं' म्हणतो, आणि एसटीत बसून नुसती नरमच असेल असं स्वतःला समजावत गावापर्यंत पोचतो. तुला या पद्धतीचा आयुष्यभर राग होता. ती कुणासाठी आहे हे मला परवा कळलं. गाडीवरच्या माणसासाठी आहे.

तुझं-माझं भांडण अर्धं राहिलंय, म्हणून हे लिहिते आहे. बाकीचं सगळं पेपरात आलंय. पलूसच्या चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. अंतराळवीराच्या पोशाखात तू, मागे निळी पृथ्वी, आणि खाली तुझ्यापेक्षा मोठ्या आकारात श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो. तू बघितलं असतंस तर म्हणाली असतीस, "यातला मेलेला कोण, ते बाण काढून दाखवा."

मी पाटणच्या वरच्या अंगाला एका बौद्धवाडीत वाढले. कोयनेच्या खोऱ्यात आभाळ डोंगरानं कापून एवढंसंच ठेवलेलं. घरात माझ्या आधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. इंजिनिअरिंग केलं, बेंगळुरूच्या अंतराळ केंद्रात शिकाऊ म्हणून लागले, आणि तुझ्या गटात येऊन पडले. अवकाशातून परत येणारी कुपी शेवटी पॅराशूटच्या भरवशावर खाली उतरते. तुझी सगळी नोकरी त्या भरवशावर संशय घेण्यात गेली. विमानातून पॅराशूट टाकायची, फाडायची, दोर तुटेपर्यंत ताणायचे, आणि मग सगळ्यांनी बसून तुटलेलं मोजायचं.

माझ्या पहिल्या चाचणीचा अहवाल मी पाठ करून आले होते. उभी राहिले आणि म्हणाले, "एकूण चाचणी समाधानकारक झाली. मात्र..."

"थांब," तू म्हणालीस. "मात्रच्या पुढचं आधी सांग."

"एका पॅराशूटचे दोर तुटले."

"मग समाधानकारक काय झालं? विमान वेळेवर उडालं?"

सगळी खोली हसली. "बाहेर जा," तू म्हणालीस, "आणि परत येशील तेव्हा तोंडातून पहिला शब्द दोर निघू दे." मी बाहेर गेले, व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून रडले, परत आले, आणि 'दोर' या शब्दानं सुरुवात केली. नंतर चहाच्या टपरीवर तू माझ्याशी मराठीत बोललीस, पहिल्यांदाच. "तुला वाटतं, वाईट बातमी मऊ करून सांगितली की ऐकणाऱ्यावर उपकार होतात. उपकार तुझ्यावर होतात. तुला त्याचं तोंड बघावं लागत नाही." मला तू त्या दिवशी अजिबात आवडली नाहीस. चहाही तूच पाजलास, तोही आवडला नाही.

माझे वडील गेले तेव्हा चुलत्यानं मला फोन केला, तब्येत नरम आहे म्हणून. मी बसचं तिकीट काढायला निघाले. चुलत्याकडून काही नीट कळेना म्हणून तू वाडीतल्या दुसऱ्या कुणालातरी फोन लावलास आणि मग माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस. "सुजाता, तुझे वडील गेले. खाली गाडी आणलीय, मी चालवते." बेंगळुरूपासून पाटणपर्यंत तू एकटीनं गाडी चालवलीस. वाटेत एक शब्द बोलली नाहीस, रेडिओ लावला नाहीस, मी रडायची थांबले की पाण्याची बाटली पुढे करायचीस. वाडीत सगळे माझ्याभोवती 'अगं, तुला कुणी सांगितलं' म्हणून गोळा झाले. जसं काही कुणीतरी मला मारलं होतं.

मी तुझी आयुष्यभराची ऋणी झाले ती त्या दिवशी. पण अक्का, तेव्हा तू दोन वाक्यं बोलली होतीस. एक बातमीचं आणि एक गाडीचं. अण्णांच्या वाट्याला तुझं दुसरं वाक्य कधी आलंच नाही. माझं भांडण तिथं आहे.

तू मला पहिल्यांदा पलूसला घेऊन गेलीस तेव्हा तुझी आई सोप्यात कॉटवर बसली होती. मला खालून वर बघून तिनं विचारलं, "कुणाच्यातली गं ही?"

"माझ्यातली," तू म्हणालीस.

म्हातारी जरा घोटाळली. मग म्हणाली, "मग बस म्हणावं जेवायला. दिवस मावळंल." तुमच्या घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नसे. अण्णांनी द्राक्षाच्या बागेतून घड आणून माझ्यापुढे ठेवला आणि तुझ्याबद्दल विचारलं, "ही तिथंबी अशीच बोलतीया का? मग लोकं राहतात कशी गं हिच्या हाताखाली?" तू म्हणालीस, "राहत न्हाईत. ही एकटीच राहिलीया." त्या दिवसापासून मी तुला मॅडम म्हणायचं सोडलं.

मग अंतराळवीर म्हणून तुझी निवड झाली. निवडलेले बहुतेक वैमानिक होते, तू इंजिनिअर, वयानंही त्यांच्यापेक्षा मोठी. तुला फिरत्या यंत्रात घालून गरगरवलं, बंद खोलीत ठेवलं, तळ्याएवढ्या टाकीत पोशाखासकट बुडवलं. तू सगळं केलंस आणि प्रत्येक वेळी बाहेर येऊन आधी काय चुकलं ते सांगितलंस. त्या प्रशिक्षणात एक सराव असा होता की टेबलाभोवती बसून आपल्यातलं एखादं माणूस मेलं असं धरायचं आणि पुढे काय करायचं ते ठरवायचं. कुणाला सांगायचं, कोण सांगणार, कोणत्या शब्दांत. बाकीचे त्या टेबलावरून उठताना गप्प असायचे. तू उठताना म्हणालीस, "पहिल्यांदाच बरं वाटलं. इथं कुणी नरम नाही."

त्याच टेबलावर डॉक्टरांनी तुला विचारलं, "तुम्ही वर असताना घरी कुणी गेलं, तर तुम्हाला कळवायचं की उतरल्यावर सांगायचं?" हे सगळ्यांना विचारतात. काही जण उतरल्यावर म्हणतात. तू म्हणालीस, "कळवायचं. त्याच दिवशी." आणि माझ्याकडे बोट केलंस. घराशी संपर्क ठेवायला तू माझं नाव दिलं होतंस. "भावाला विचारू नका. तो खोटं बोलेल. ही बोलणार नाही."

जायच्या आधी पलूसच्या शाळेत तुझं भाषण झालं. मुलांना हसवायला तू सांगितलंस की वर रडताही येत नाही. पाणी खाली ओघळतच नाही, डोळ्यावरच फुग्यासारखं गोळा होऊन बसतं. मुलं हसली. अण्णा पहिल्या रांगेत बसले होते. ते हसले नाहीत, पण ते तसे कुठल्याच भाषणाला हसायचे नाहीत, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

तू गेलीस. उड्डाणाच्या वेळी मी नियंत्रण कक्षात नव्हते. पलूसला तुझ्या आईशेजारी बसले होते, कारण ते माझं काम होतं. पडद्यावर आगीचा लोळ वर जाताना म्हातारी म्हणाली, "एवढ्या धुरात ती डोळं उघडं ठेवत आसंल का गं?" त्यानंतर दर शनिवारी घरच्यांशी बोलायची तुझी वेळ असायची. मी बेंगळुरूत कानाला यंत्र लावून जोडणी सांभाळायची, तिकडे अण्णा आईच्या कॉटसमोर संगणक मांडायचे.

"जेवलीस का?" ती विचारायची. "दिवस मावळायच्या आत?"

"आई, हितं एका दिवसात सोळा वेळा दिवस मावळतोय. कुठल्या मावळतीच्या आत जेवू?"

"पहिल्या," ती म्हणाली. तुझ्या मागे तरंगणारा तुझा सहकारी विचारत होता, का हसतेस, आणि तुला ते त्याच्या भाषेत सांगता आलं नाही.

एका शनिवारी पडद्यावर अण्णा एकटेच आले. मागे सोपा दिसत होता, पण कॉट नव्हती. ते म्हणाले, "आईची तब्येत जरा नरम हाय." आणि थांबले. त्या वाक्याला पुढचा अर्धा भाग असतो. 'निघून ये.' तो त्यांच्या तोंडापर्यंत आला आणि तिथंच अडला, कारण तुला कुठून निघून ये म्हणणार? तोंड उघडं ठेवून ते तुझ्याकडे बघत राहिले. तू त्या उघड्या तोंडाकडे बघितलंस. मीही बघितलं.

"बरं," तू म्हणालीस. "औषध वेळेवर घे म्हणावं."

मी लगेच तुमच्या शेजारच्या सुनेला फोन लावला. ती म्हणाली, "ताई, आमाला सांगायचं न्हाई म्हणलंय." मला तेवढं पुरलं. आई दोन दिवसांपूर्वीच गेली होती. दुपारी झोपली ती उठलीच नाही. अण्णांनी घरोघरी फिरून हात जोडले होते. ज्या गावात पाहुण्यांच्या पाहुण्याचाही फ्लेक्स लागतो तिथं तुझ्या आईचा लागला नाही. कुणी मोबाइलवर स्टेटस ठेवलं नाही. पत्रकारांनीही ऐकलं. सगळ्या पलूसनं तुझ्यापासून ते लपवलं, आणि प्रत्येकाला आपण तुझ्यासाठी काहीतरी केलं असं वाटत होतं.

मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दुसऱ्या दिवशी खासगी जोडणी दिली. मी म्हणाले, "अक्का, आई गेल्या. गुरुवारी, झोपेत."

"कळलंय," तू म्हणालीस. "काल." मी विचारलं, "तू ठीक आहेस?" तू म्हणालीस, "हा काय प्रश्न आहे?" आणि मग, "अण्णाला सांगू नको मला कळलंय म्हणून. त्याचं त्यानं सांगू दे."

त्याच्या पुढचे शनिवार मी विसरू शकत नाही.

"आई काय करतीया?"

"झोपलीया."

"दुपारची? ती दुपारी कवा झोपायची?"

"औषधानं गुंगी येतीया गं."

"कुठलं औषध?"

अण्णांनी बाजूला बघितलं. तिथं कुणी नव्हतं. "पांढरी गोळी हाय. दोन टायमाला."

पुढच्या शनिवारी तू विचारलंस, पेज पिते का. त्याच्या पुढच्या, कोणत्या कुशीवर झोपते. त्याच्या पुढच्या, माझं नाव काढते का. अण्णा घामाघूम व्हायचे आणि उत्तर द्यायचे. पेज प्याली. डाव्या कुशीवर. काढती की, सारखी काढती. शेतातला माणूस, त्याला खोटं रचायची सवय नव्हती. मागच्या आठवड्यात काय सांगितलं ते त्याच्या लक्षात राहायचं नाही, आणि तू त्याला तिथंच पकडायचीस. मागं उजवी म्हणाला हुतास. हां, आता डावी. आणि हे सगळं तू हसऱ्या तोंडानं करायचीस. गोबऱ्या झालेल्या तोंडानं, कारण वर रक्त डोक्याकडे चढतं आणि सगळेच तिथं सुखी दिसतात.

मी तुला खासगी जोडणीवर म्हणाले, "अक्का, पुरे कर. त्यांना बघवत नाही."

"त्याला एकच वाक्य बोलायचंय. दर शनिवारी मी त्याला दार उघडून देते."

"तू दार उघडून देत नाहीस. तू त्यांना दारात चेमटवतेस."

"संपर्क ठेवायचं काम आहे ना तुझं? ते कर."

मी ते केलं. तुझ्या सगळ्या शनिवारांची मी एकटी साक्षीदार आहे. त्यातला एकही शनिवार अंतराळाच्या कुठल्या पुस्तकात येणार नाही. तिथं तुझे प्रयोग येतील, तुझं ते यानाबाहेर पडून केलेलं काम येईल, आणि ते यायलाच हवं. तिथं दोरीच्या टोकाला लटकून तू जे केलंस ते करायला माझी छाती झाली नसती. पण त्या आठवड्यातही शनिवार होता. बाहेरून आत आलीस, हातांची सालं निघालेली, आणि पहिला प्रश्न, "आई उन्हात बसली का आज?"

ज्या जातीच्या पॅराशूटचे दोर तू वर्षानुवर्षं तोडत आलीस, तसल्याच पॅराशूटखाली तू परत उतरलीस. एकही तुटला नाही. अण्णांनी तेव्हाही फोनवर सांगितलं नाही. "घरी ये, मग बोलू." तुला नीट चालता यायला लागल्यावर आपण पलूसला गेलो. आधी उघड्या जीपमधून मिरवणूक, हलगी, हार. चौकातला वक्ता म्हणाला, "मातेच्या आशीर्वादानं," आणि समोरच्या सगळ्या गर्दीनं टाळ्या वाजवताना माना खाली घातल्या. तू मात्र हात जोडून सरळ बघत होतीस.

घरात आलो. अण्णांनी पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता. शेजारच्या दोन बायका तुला धरायला जवळ येऊन उभ्या होत्या. "अक्का, आधी बस," ते म्हणाले. "एक सांगायचं हाय."

"आई गेली," तू उभ्यानं म्हणालीस. "मला पहिल्या शनिवारपासून माहीत हाय."

अण्णांना कळायला वेळ लागला. त्यांच्या तोंडावर एकेक शनिवार येऊन गेला. पेज, गोळी, कूस. "म्हंजे," ते म्हणाले, "तू मला..."

"व्हय."

ते खाली बसले. तुझ्यासाठी मांडलेल्या खुर्चीवरच. मग जे बोलले ते कुणालाच माहीत नव्हतं. "तूच म्हणली हुतीस शाळंत. वर रडलं की पाणी डोळ्यावरच बसतंय म्हणून. दिसायचं बंद झालं आसतं, नाकात गेलं आसतं... कोण हुतं तिथं पुसाय? मला वाटलं, ही तिथं गुदमरंल."

अक्का, मला खरंच वाटलं, आता तू खाली बसशील. त्या माणसानं तुझा एक विनोद खरा धरला होता आणि त्यासाठी गावभर हात जोडत फिरला होता. तू त्यांच्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "अण्णा, वर रुमाल असतात."

मग बॅग उचललीस. त्या रात्री सांगलीच्या विश्रामगृहावर राहिलीस आणि पुन्हा त्या घरात गेली नाहीस.

तुझी बाजू मला कळत नाही असं नाही. तू म्हणायचीस, "तो आणि मी, दोघांची आई गेली. त्यानं ती एकट्यानं पुरवून खाल्ली. मला तुकडा दिला नाही."

आजार निघाला तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी 'तसं बघायला गेलं तर' अशी सुरुवात केली. तू त्यांना अडवलंस, "मात्रच्या पुढचं सांगा." त्यांनी सांगितलं. तू पदर नीट केलास, धन्यवाद म्हणालीस, आणि बाहेर येऊन मला विचारलंस, तुला किती दिवस रजा मिळते. मी साताऱ्याला कॉलेजात शिकवायला लागले होते. मिळाली. सांगलीत खोली घेतली आणि तुझ्याजवळ राहिले. तू माझ्यासाठी जे केलंस त्याची ती परतफेड नव्हती, ती होणारी नाही. पण तुझ्या उशाशी बसायला मला मिळालं, ज्याचा हक्क होता त्याला मिळालं नाही.

अण्णा रोज यायचे. दवाखान्याच्या खाली लिंबाच्या पारावर बसायचे. पहिल्या दिवशी मी वर येऊन सांगितलं, तर तू म्हणालीस, "बसू दे. सावली हाय तिथं." मी डबा वर आणायची. तू खायचीस. मी म्हणाले, "त्यांचं खातेस, मग भेट तरी." तू म्हणालीस, "खाणं वेगळं, भेटणं वेगळं." आणि दोन घास झाल्यावर, "त्याच्या बायकोला सांग, मीठ कमी घालतीया." मी खाली जाऊन सांगितलं. अण्णा खूष झाले. दुसऱ्या दिवशी भाजी खारट होती.

शेवटच्या आठवड्यातली एक दुपार. मी विचारलं, "अण्णांना काही सांगू?" तू म्हणालीस, "नाही." खिडकीकडे तोंड केलंस. माझ्याकडे न बघता बोललीस. "मला त्याच्यासमोरच रडायचं होतं. दुसरं होतं कोण मला? दर शनिवारी वाटायचं, आज बोलेल. बोलला असता तर तिथंच रडले असते, सगळ्यांदेखत." मी उठले, तशी तू माझा हात धरलास. तुझ्या हातात तेव्हा जोर उरला नव्हता, तरी धरलास. "हे त्याला सांगायचं नाही. त्याला बरं वाटेल."

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही.

तू पलूसला नेऊ नका म्हणाली होतीस, म्हणून सगळं सांगलीत, कृष्णेच्या काठी झालं. अग्नी कुणी द्यायचा यावर तू काही बोलली नव्हतीस. तेवढी जागा तू सोडली होतीस की विसरली होतीस, कोण जाणे. ती अण्णांना मिळाली.

रक्षाविसर्जनाला पाहुणे जमले. जो येई तो अण्णांचा हात हातात घेऊन म्हणे, "शेवटी तुझंच नाव घेत हुती म्हणं." अण्णा मान हलवत होते. गर्दी जरा पांगल्यावर ते लंगडत माझ्याकडे आले आणि घाटाच्या पायरीवर बसले.

"सुजाता, माझं नाव काढलं का गं तिनं?"

मी त्यांच्याशेजारी बसले.

"समदे सांगायलेत काढलं म्हणून. त्यातलं दवाखान्यात कोण हुतं? तू हुतीस."

"निरोप काही दिला नाही, अण्णा. मी विचारलं होतं."

"म्हंजे रागातच गेली."

"हो."

त्यांनी फुटलेला गुडघा दोन्ही हातांनी धरला. एवढ्यावर थांबता आलं असतं. विचारलेल्याचं खरं उत्तर देऊन झालं होतं, तुझा शब्दही मोडला नव्हता. पण मग तो माणूस मरेपर्यंत असं समजत राहिला असता की त्या शनिवारी पलीकडे फक्त त्याला छळणारी बाई होती. मी सांगितलं. तुझं वाक्य, जसंच्या तसं. त्याच्यासमोरच रडायचं होतं, इथपासून सगळ्यांदेखत, इथपर्यंत.

त्यांना बरं वाटेल म्हणाली होतीस ना? तू चुकलीस, अक्का. त्यांना बरं वाटलं नाही. त्यांनी पाण्याकडे बघितलं आणि त्यांचं तोंड, तेव्हा पडद्यावर झालं होतं तसंच, उघडं राहिलं. "म्हंजे ती बी थांबली हुती," ते म्हणाले. "मी हिकडं थांबलोय आन् ती तिकडं." त्यांना झालेली सगळ्यात कठोर शिक्षा तू देऊ नको म्हणाली होतीस, आणि ती मी माझ्या हातानं दिली. योग्य केलं का, ते सांगायला आता तू नाहीस. तू असतीस तर आधी काय चुकलं तेवढंच सांगितलं असतंस.

मागून विट्याचे मामा आले. त्यांना पोचायला उशीर झाला होता. वाकून त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळा, रडू नगंस. अक्का शेवटच्या घडीला तुझंच नाव..."

"न्हाई मामा," अण्णा म्हणाले. "न्हाई काढलं. आई मेल्याचं मी तिच्यापसनं लपवलं, म्हणून रागात गेली."

मामांचा हात खांद्यावर तसाच राहिला. घाटावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. अण्णा कुणाची नजर चुकवत नव्हते. सगळे शनिवार तू एवढंच मागत होतीस, आणि त्यांना ते जमलं. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी.